चाक, हँडल, चिमटा: बेअरिंग-बुशांची घरच्या घरी निगा

पावसाळा संपता संपता मोटारसायकलला जी दुखणी लागतात, त्यांतली बरीचशी इंजिनाची नसतात. वळणावर मागचे चाक किंचित सरकल्यासारखे वाटते. पुढचा ब्रेक लावला की हँडलपाशी ‘टक’ होते. मोकळ्या रस्त्यावर पुढच्या चाकातून बारीक घुरघुर ऐकू येते. या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एखाद्या बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये असते. हे भाग किमतीने लहान, पण दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या गाडीचा सगळा भरवसा त्यांच्यावर असतो. त्यांची देखभाल घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये होऊ शकते. त्यासाठी कोणता भाग साफ करायचा, कोणाला ग्रीस द्यायचे, कोणाला हात लावायचा नाही आणि कोणता सरळ बदलायचा, हे मात्र आधी ठाऊक असले पाहिजे.

कोण कुठे बसलेले असते

चाकांच्या हबमध्ये बॉल बेअरिंग असतात. पुढच्या चाकात साधारणपणे दोन. मागच्या चाकात दोन, आणि चेनचे स्प्रॉकेट ज्या ड्रमवर बसते त्यात बहुतेक गाड्यांत आणखी एक. बॉल बेअरिंग म्हणजे बाहेरची कडी, आतली कडी, त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या, त्या गोळ्यांना सारख्या अंतरावर ठेवणारा पिंजरा आणि बाजूला धूळ-पाणी अडवणारे सील.

हँडलखाली, फ्रेमच्या मानेत, कोन सेट असतो. त्यात वर आणि खाली पोलादी वाट्या आणि त्यांत सुट्या गोळ्या असतात. काही गाड्यांत गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरचे टेपर बेअरिंग येते.

मागचे चाक ज्या स्विंगआर्मला धरलेले असते, त्याला आपल्याकडे गॅरेजात चिमटा म्हणतात. चिमटा फ्रेमला जिथे जोडलेला असतो, तिथे बुश असतात. कुठे रबराचे, कुठे नायलॉनचे किंवा कांशाचे, तर काही गाड्यांत सुईसारख्या बारीक रोलरचे निडल बेअरिंग. याशिवाय शॉकअपच्या डोळ्यांत, स्टँडच्या खिळीवर, ब्रेक पेडलच्या मुळाशी असे लहान बुश विखुरलेले असतात.

इंजिनातली आणि गिअरबॉक्समधली बेअरिंग या लेखात नाहीत. त्यांना इंजिन ऑइल मिळत असते आणि ती उघडणे हे घरचे काम नव्हे.

या सगळ्यांची निगा एकसारखी का नसते, ते त्यांच्या हालचालीवरून कळते. अठरा इंची चाकाची गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली, तर चाक मिनिटाला पाचशेहून जास्त फेरे घेते. कोन सेट मात्र दिवसभरात इकडून तिकडे थोडे अंशच फिरतो, आणि बहुतेक वेळ सरळ रेषेत एकाच जागी धक्के खात असतो. चिमटाही थोडेच अंश वर-खाली डुलतो. ग्रीस किती भरायचे, कुठे झीज शोधायची आणि नट किती आवळायचा, हे या फरकावर ठरते.

बेअरिंग खराब होते ते कशाने

चांगल्या पोलादाचे, नीट बसवलेले बेअरिंग केवळ फिरून सहसा लवकर संपत नाही. ते पाण्याने, मातीने, चुकीच्या जागी मारलेल्या हातोडीने आणि चुकीच्या आवळणीने आधीच खराब होते.

बेअरिंग आरशासारखे चकाकते म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे असावे, असा समज असतो. प्रत्यक्षात ते सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेले अतिशय कठीण पोलाद असते. एवढ्या क्रोमियमने गंज थांबत नाही. ग्रीसचा थर गेला की ओल्या हवेतही त्यावर डाग पडतात. गोळी आणि कडी यांच्यामध्ये चालताना तेलाचा जो थर राहतो, तो एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. साधा धूळकण त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तो आत गेला की कडीवर खड्डा पडतो, खड्ड्याच्या कडा झिजून नवी पूड होते आणि ती पूड पुढचे खड्डे पाडते.

पाणी आत कसे शिरते, हेही समजून घेण्यासारखे आहे. घाट उतरताना ड्रम ब्रेकचा हब तापतो. लगेच गाडी पाण्यातून गेली किंवा त्यावर पाणी मारले, तर हबमधली हवा एकदम थंड होते. 80 अंशांची हवा 30 अंशांवर आली की सुमारे चौदा टक्के आक्रसते. ती जागा भरायला बाहेरचे पाणी सीलच्या ओठाखालून आत ओढले जाते. धुलाई केंद्रावरचा जोरदार फवारा तर सीलवर थेट धरला की पाणी आत ढकलतोच. म्हणून गाडी धुताना हब, हँडलची मान आणि चिमट्याचा सांधा यांवर फवारा रोखू नये. घाटातून आलेली गाडी थंड झाल्यावरच धुवावी. कोकण किनाऱ्यावर खारी हवा असते, तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

उघडण्याआधी तपासणी

पाना हातात घेण्याआधी गाडी मेन स्टँडवर लावा आणि दहा मिनिटे नुसती तपासा. खराबी कुठे आहे हे बाहेरूनच बरेचसे कळते.

पुढचे चाक जमिनीपासून उचलले जाईल असे करा. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर जॅक लावता येतो. चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात फोर्कच्या खालच्या टोकावर ठेवा. बेअरिंग खरखरत असेल तर ती थरथर तळहाताला जाणवते. मग चाक वरून आणि खालून धरून आडवे हलवून पाहा. जराही डुगडुगले तर बेअरिंग झिजले आहे किंवा ॲक्सलचा नट ढिला आहे.

कोन सेटसाठी दोन्ही फोर्क खालून धरून पुढे-मागे ढकला. मानेत ‘टक’ जाणवले तर कोन सेट ढिला आहे. नंतर हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे थांबत असेल, तर वाट्यांत गोळ्यांचे ठसे उमटले आहेत. असा सेट ग्रीसने सुधारत नाही, तो बदलावाच लागतो.

मागे चाक आणि चिमटा यांतला दोष वेगळा ओळखावा लागतो. एका हाताने चिमटा आणि दुसऱ्याने चाक धरून आडवे हलवा. चिमटा जागेवर राहून फक्त चाक हलले तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. चाकाबरोबर चिमटाही हलला तर बुश गेले आहेत. एवढ्या तपासणीने गॅरेजात होणारी बरीच अंदाजबाजी आणि नको ती खरेदी टळते.

सामान आणि ग्रीस

रिंग पाने आणि सॉकेट, पक्कड, कोन सेटच्या खाचेच्या नटासाठी सी-आकाराचा पाना, प्लॅस्टिकची किंवा लाकडी हातोडी, दात घासायचा जुना ब्रश, धागे न सुटणारे सुती फडके, रॉकेल, दोन पसरट भांडी, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा एवढे हाताशी असावे. रॉकेल मिळाले नाही तर डिझेल चालते. पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ भडका घेते आणि श्वासालाही वाईट. टॉर्क पाना असेल तर उत्तम, कारण नट किती आवळायचा याचे आकडे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात.

ग्रीस म्हणजे घट्ट केलेले तेल. साबणासारख्या पदार्थाच्या बारीक तंतूंत तेल धरून ठेवलेले असते आणि समईच्या वातीसारखे ते थोडे थोडे सुटत राहते. वंगणाचे काम ते सुटलेले तेल करते. चाकाच्या बेअरिंगला लिथियम प्रकारचे, दोन किंवा तीन क्रमांकाच्या घट्टपणाचे ग्रीस योग्य. बाजारात एपी 3 किंवा ईपी 2 अशा नावांनी ते मिळते. साधे कॅल्शियम ग्रीस पाण्याला चांगले टिकते, पण उष्णता कमी सोसते, म्हणून तापणाऱ्या हबमध्ये ते नको. ग्रीसचा लाल, निळा किंवा हिरवा रंग ही फक्त छटा असते. त्यावरून प्रकार ओळखता येत नाही. दोन वेगळ्या प्रकारची ग्रीस एकत्र आली तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकते. म्हणून नवे भरण्याआधी जुने पूर्ण काढावे.

पुढचे चाक: बेअरिंग जागेवरच साफ करणे

चाक काढण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. कोणता स्पेसर कोणत्या बाजूला होता, हे जोडताना तेच सांगतील. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल सोडवा, ॲक्सलचा नट काढा आणि ॲक्सल ओढून घ्या. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नये, नाहीतर पॅड जवळ येऊन चाक परत बसत नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा घालून ठेवावा. चाक डिस्कवर आडवे ठेवू नये. एबीएसची गाडी असेल तर सेन्सर आणि त्याची दातेरी कडी यांना धक्का लागू देऊ नये.

आता बोट बेअरिंगच्या आतल्या कडीत घालून हळू फिरवा. चांगले बेअरिंग मऊ, सलग फिरते. ग्रीस आणि सील असल्यामुळे किंचित जड लागते, ते ठीक आहे. दातरे लागल्यासारखे झाले, एखाद्या जागी अडले किंवा कडी बोटाखाली डुगडुगली, तर साफसफाईत वेळ घालवू नका, बदला.

बेअरिंग चांगले असेल तर ते हबमधून काढू नका. हबमध्ये बाहेरची कडी घट्ट बसलेली असते, आणि बेअरिंग ठोकून काढताना जोर आतल्या कडीवर पडतो. तो जोर गोळ्यांतून पलीकडे जातो आणि कडीवर बारीक ठसे उमटतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण असे काढलेले बेअरिंग पुन्हा बसवण्याच्या लायकीचे राहत नाही. म्हणून ठोकून काढलेले बेअरिंग टाकून द्यायचे आणि साफ करायचे असेल तर जागेवरच करायचे.

बाहेर हबचे मोठे सील असेल तर ते चपट्या पेचकसाने हळू उचकटा. आतल्या बेअरिंगला रबराचे सील असेल, तर बारीक टोकदार साधन त्याच्या आतल्या कडेखाली, आतल्या कडीला लागून सरकवा आणि सील वर उचला. सील वाकता कामा नये. बेअरिंगला पत्र्याची झाकणी असेल तर ती सोडून द्या. ती काढली की परत बसत नाही.

जुने ग्रीस कसे आहे ते पाहा. तपकिरी झालेले चालेल. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. लालसर असेल तर गंज लागला आहे. चमचमते असेल तर त्यात पोलादाची पूड आहे. शेवटच्या दोन प्रकारांत बेअरिंग बदलणेच शहाणपणाचे.

ग्रीस दुधाळ किंवा नुसते जुने असेल तर चाक तिरपे धरून ब्रशने थोडे थोडे रॉकेल सोडा, आतली कडी फिरवा, फडक्याने पुसा. खाली येणारे रॉकेल स्वच्छ दिसेपर्यंत हे करा. ब्रेक ड्रमच्या बाजूला रॉकेल जाऊ देऊ नका. मग बेअरिंग पूर्ण वाळू द्या. हवेच्या नळीने कोरडे बेअरिंग गरगर फिरवू नये. वंगणाशिवाय ते वेगाने फिरले की क्षणात ओरखडे पडतात, आणि सुटलेली गोळी डोळ्यालाही इजा करू शकते. वाळल्यावर लगेच ग्रीस भरा, कारण उघड्या पोलादावर बोटाच्या घामानेही डाग पडतो.

ग्रीस बोटाने गोळ्यांच्या फटींत दाबून भरा, पण आतली रिकामी जागा तिसरा हिस्सा ते अर्धी एवढीच भरेल इतके. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, असे चाकाच्या बाबतीत होत नाही. मिनिटाला शेकडो फेऱ्यांत जादा ग्रीस घुसळले जाते, तापते, पातळ होते आणि सील ढकलून ब्रेककडे वाहते. सील बोटांनी सगळीकडून सारखे दाबून बसवा आणि त्याच्या ओठावर ग्रीसचा पातळ हात फिरवा. ॲक्सलही पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो गंजून अडकणार नाही.

चाक परत बसवताना दोन गोष्टी चुकवू नका. स्पीडोमीटरच्या गिअरचे कान हबच्या खाचांत नीट बसले पाहिजेत, नाहीतर नट आवळताना ते चिरडतात. आणि ड्रम ब्रेकच्या प्लेटची खाच फोर्कवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. ती बसली नाही तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर फिरू लागते आणि जिवावर बेतते. नट पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे आवळा आणि स्प्लिट पिन दरवेळी नवी घाला.

बेअरिंग बदलायचे असेल तर

बेअरिंगच्या कडीवर क्रमांक कोरलेला असतो. 6301 हे उदाहरण घेऊ. पहिला 6 म्हणजे खोल खाचेचे बॉल बेअरिंग. 3 म्हणजे त्याच छिद्राच्या 2 च्या मालिकेपेक्षा जाड आणि जास्त भार घेणारी मालिका. शेवटचे दोन अंक आतल्या छिद्राचे: 00 म्हणजे 10 मिलिमीटर, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, आणि 04 पासून पुढे त्या अंकाला पाचाने गुणायचे. म्हणजे 6301 चे छिद्र 12 मिलिमीटर. त्याचा बाहेरचा व्यास 37 आणि जाडी 12 मिलिमीटर असते. पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आणि झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणी. सी 3 म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. हा क्रमांक घेऊन कोणत्याही चांगल्या बेअरिंग दुकानात जाता येते. चिंचवडला कारखाना असलेली एसकेएफ, जयपूरची एनबीसी अशा नावांची बेअरिंग सगळीकडे मिळतात. नकली मालही भरपूर असतो, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावे. आपल्याकडच्या चिखल-पाण्याला रबरी सीलचे बेअरिंग जास्त योग्य.

काढताना दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर आतून एका बाजूला सरकवा, पलीकडच्या आतल्या कडीची कड दिसेल. त्यावर पितळी किंवा मऊ लोखंडाची दांडी टेकवून गोल गोल जागा बदलत ठोका. एकाच बाजूला ठोकले तर बेअरिंग तिरके होऊन हबला ओरखडते.

नवे बसवताना उष्णता मदतीला घ्या. हब बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. 37 मिलिमीटरचे छिद्र 80 अंशांनी तापवले तर ते सुमारे 0.07 मिलिमीटर मोठे होते. तेच बेअरिंग रात्रभर पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवले तर सुमारे 0.02 मिलिमीटर आक्रसते. घट्ट बसणुकीचा फरक शतांश मिलिमीटरांतच असतो, त्यामुळे एवढ्याने बेअरिंग जवळजवळ हाताने आत जाते. हब हॉट एअर गनने सगळीकडून सारखा तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की पुरे. थेट ज्वाला लावू नका.

दाब फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा. तिच्या मापाचे सॉकेट किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी मध्ये ठेवा. बेअरिंगवर हातोडी थेट मारू नका, ते पोलाद काचेसारखे तडकून कण उडू शकतात. आधी एका बाजूचे बेअरिंग तळापर्यंत बसवा, मग मधला स्पेसर घाला, मग दुसरे बेअरिंग त्याची आतली कडी स्पेसरला नुकती टेकेपर्यंत. स्पेसर विसरला किंवा आखूड बसला, तर ॲक्सल आवळताच दोन्ही आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवी बेअरिंग थोड्याच दिवसांत खरखरू लागतात.

मागचे चाक

पद्धत तीच, पण काही जादा गोष्टी पाहायच्या. स्प्रॉकेटच्या ड्रममधले बेअरिंग चेनची सगळी ओढ सोसते, म्हणून तेही बोट घालून तपासा. हब आणि ड्रम यांच्यामधले कपलिंग रबर दाबले जाऊन ढिले झाले असतील, तर गिअर टाकताना झटका बसतो आणि बेअरिंगवरही मार येतो. हे रबर कोरडे आणि स्वच्छ ठेवायचे, त्यांना ग्रीस लावायचे नाही. चाक बसवल्यावर चेनचा ताण पुस्तिकेत सांगितल्याएवढा ठेवा आणि चिमट्याच्या दोन्ही टोकांवरच्या खुणा सारख्या जुळवा. चेन फार ताणली तर तो ताण थेट बेअरिंगवर जातो.

कोन सेट

हे काम धीराचे आहे आणि दोघांनी मिळून केलेले चांगले. टाकीवर जाड चादर टाका. केबल आणि वायरी कशा गेल्या आहेत याचे फोटो घ्या. पुढचे चाक, मडगार्ड आणि फोर्क काढा, हँडल सोडवून बाजूला विसावू द्या. वरची प्लेट निघाली की खाचेचा नट दिसेल. तो पूर्ण सोडवण्याआधी एकाने खालून आधार द्यावा आणि खाली भांडे ठेवावे, कारण नट निघताच मानेतला दांडा खाली येतो आणि सुट्या गोळ्या ओघळतात. वरच्या आणि खालच्या गोळ्या वेगळ्या ठेवा आणि मोजून लिहून ठेवा. त्यांची संख्या आणि माप वेगळे असू शकते.

वाट्या रॉकेलने धुवा, पुसा आणि उजेडात पाहा. नखाला लागतील असे ठसे, गंजाचे खड्डे किंवा सोललेला पृष्ठभाग दिसला तर पूर्ण संच बदला. खालची वाटी जास्त भार घेते आणि चाकाने उडवलेले पाणीही तिच्यावरच येते, त्यामुळे झीज आधी तिथे दिसते. जुन्या वाटीत नव्या गोळ्या घालून उपयोग नाही.

चाकात ग्रीस मोजून भरायचे होते. इथे मात्र वाटी सढळ हाताने भरा. कोन सेट वेगाने फिरत नाही, ग्रीस तापण्याचा प्रश्न नाही, आणि भरलेले ग्रीस पाण्याला अडवते. शिवाय त्या ग्रीसमध्ये गोळ्या चिकटून राहतात आणि जोडताना पडत नाहीत.

आवळणी हा या कामाचा गाभा. खाचेचा नट आधी थोडा जास्त आवळा आणि दांडा चार-पाच वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, म्हणजे गोळ्या जागेवर बसतील. मग नट ढिला करा आणि पुन्हा एवढाच आवळा की पुढे-मागे हलवल्यावर काही जाणवणार नाही आणि हँडल स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे सहज पडेल. वरचा मोठा नट आवळल्यावर हा मेळ थोडा बदलतो, म्हणून शेवटी पुन्हा तपासा. ढिला सेट धक्क्यांनी ठसे पाडून घेतो. फार घट्ट सेटमुळे हँडल आपोआप सरळ होत नाही आणि कमी वेगात गाडी हेलकावते.

चिमट्याचे बुश

आधी बुशचा प्रकार ओळखा. आत-बाहेर पोलादी नळी आणि मध्ये चिकटवलेले रबर असेल तर तो रबरी बुश. त्यात काहीही घसरत नाही, चिमट्याची हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. म्हणून त्याला ग्रीस किंवा तेल देऊ नये. तेलाने साधे रबर फुगते आणि पोलादापासून सुटते. रबराला चिरा पडल्या, आतली नळी एका बाजूला कललेली दिसली किंवा रबर सुटले, तर बदलणे हाच उपाय.

नायलॉनचे किंवा कांशाचे बुश घसरून काम करतात, त्यांना ग्रीस लागतेच. काही गाड्यांत त्यासाठी ग्रीस निपल असते. ग्रीस गनने जुने काळे ग्रीस कडेतून बाहेर येईपर्यंत नवे भरा. निपल नसेल तर दांडा काढून साफ करावा लागतो. निडल बेअरिंग असेल तर आतला पोलादी कॉलर काढून त्यावर रेषा पडल्या आहेत का ते पाहा. सुया सुट्या असल्या तर खाली कागद पसरून काम करा.

चिमट्याचा दांडा बहुतेकदा गंजून अडकलेला असतो. आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवणारे तेल द्या. ठोकायची वेळ आली तर नट आट्यांच्या टोकापर्यंत परत चढवा आणि मध्ये लाकूड ठेवून ठोका, म्हणजे आटे वाचतील. रबरी बुश बदलताना लांब आट्यांचा बोल्ट, दोन नट, वॉशर आणि एक लहान व एक मोठे सॉकेट घेतले की प्रेस तयार होतो. नट आवळत गेले की जुना बुश बाहेर आणि त्याच रीतीने नवा आत.

रबरी बुश बसवताना एक गोष्ट हमखास राहून जाते. गाडी मेन स्टँडवर, चिमटा लटकता ठेवून दांड्याचा नट शेवटपर्यंत आवळला, तर रबर त्या लटकत्या स्थितीत धरले जाते. गाडी खाली उतरवून माणूस बसला की ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून नट आधी नुसता लावा, गाडी चाकांवर उभी करून कोणाला तरी बसवा आणि त्या स्थितीत पूर्ण आवळा.

लहान बुश

मेन स्टँड आणि साइड स्टँडची खीळ, ब्रेक पेडलचे मूळ, क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा बोल्ट या जागा काढून पुसून थोडे ग्रीस दिले की पुरते. ब्रेकच्या कॅमला मात्र अगदी पातळ हात, कारण तिथून ग्रीस लायनरवर गेले तर ब्रेक जातो. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसा. शॉकअपचे रबरी बुश नुसते पाहायचे, चिरले असतील तर बदलायचे.

कधी करायचे, कुठे थांबायचे

दर महिन्याला दहा मिनिटांची तपासणी आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पूर्ण साफसफाई, हा क्रम महाराष्ट्रातल्या हवेला योग्य आहे. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालण्याची आपली रीत आहेच. त्याच्या आधीच्या आठवड्यात चाकांची बेअरिंग, कोन सेट आणि चिमटा तपासून घेतला, तर पूजेइतकेच ते गाडीच्या कामी येईल. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर मात्र दसऱ्याची वाट पाहू नये.

काळे झालेले रॉकेल गटारात किंवा मातीत ओतू नका. बाटलीत स्थिर ठेवा, वरचे स्वच्छ रॉकेल पुन्हा वापरा आणि खालचा गाळ जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात मारा. दोन्ही ब्रेक तपासा, हात सैल धरून हँडल कसे राहते ते पाहा, आणि दुसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा एकदा आवळून बघा. टॉर्क पाना नसेल तर ॲक्सल आणि चिमट्याचे नट जवळच्या मेकॅनिककडून आवळून घेण्यात काही कमीपणा नाही. हब वाकडा असेल, बेअरिंग हबमध्ये हातानेच ढिले बसत असेल किंवा मानेतली वाटी फिरत असेल, तर ते काम यंत्रशाळेचे आहे. तिथे घरचा प्रयत्न थांबवा. बाकी सगळ्यासाठी एक मोकळी सकाळ पुरते. येत्या रविवारी गाडी स्टँडवर लावा आणि पुढचे चाक एकदा हाताने फिरवून पाहा.